शुक्रवारची मधली सुट्टी

१

शनिवारी सकाळी कोमल माझ्या दारात उभी राहिली आणि चपलाही न काढता म्हणाली, "बाई, माझी फाईल गेली."

मी पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि तिला आत घेतलं. सकाळी नऊच्या आत मला वाईट बातमी देऊ नये असा माझ्या घरात नियम आहे, पण तो पाळणारं कुणी अजून भेटलेलं नाही.

फाईल म्हणजे तिची मूळ प्रमाणपत्रं. दहावीपासून बी.एड.पर्यंत, अनुभवाच्या दाखल्यासकट नऊ कागद. गुरुवारी तिनं ते निळ्या बटणाच्या फोल्डरमध्ये सुटे घालून एजंटच्या ऑफिसात पडताळणीसाठी दिले. शुक्रवारी संध्याकाळी एजंटचा फोन आला की कागद सापडत नाहीत. सोमवारी अकरा वाजता करारावर सही व्हायची होती. मालदीवच्या एका बेटावरच्या खासगी शाळेत गणिताची शिक्षिका, दोन वर्षांसाठी, सध्या शिकवते त्या इथल्या शाळेच्या कितीतरी पट पगारावर. कागद नाहीत तर सही नाही. आणि ते कधीच मिळाले नाहीत तर इथंही तिला कोणी उभं करणार नाही. विद्यापीठातून दुसऱ्या प्रती काढायच्या म्हणजे किती महिने आणि किती खिडक्या, हे तिला सांगायची गरज नव्हती.

मी वसुंधरा टिपणीस, पंचायत समितीची निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. एकतीस वर्षं मी पनवेल-उरणकडच्या शाळा तपासल्या. तपासणीपुरत्या रंगवलेल्या भिंती, शेजारच्या गावातून उसनी आणलेली पटावरची मुलं, सगळं पाहिलं. कोमलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कोळीवाड्याच्या शाळेत चौथीत होती आणि तिनं फळ्यावरची गुरुजींची चूक माझ्यादेखत दाखवली होती. तेव्हापासून ती माझी.

म्हणूनच माझा जास्त संताप झाला होता, आणि तो निम्मा स्वतःवरच होता. कारण तिनं करार आधी मला दाखवला होता. मी एजंटला अकरा प्रश्न लिहून पाठवले होते. राहायची जागा कुणाची, तिकीट कोण काढणार, पासपोर्ट कुणाकडे राहणार, मध्येच सोडलं तर काय. सगळ्यांची नीट उत्तरं आली. फक्त एक कलम मला खटकलं होतं. मूळ प्रमाणपत्रं कराराची मुदत संपेपर्यंत शाळेच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या ताब्यात राहतील. एजंट म्हणाला, सुरक्षिततेसाठी असतं, मॅडम, सगळीकडेच असतं.

मग मी शेवटची अट घातली. सध्या तिथं शिकवणाऱ्या एखाद्या बाईशी कोमलचं बोलणं करून द्या. गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी तिथल्या नंबरवरून कोमलच्या घरी व्हॉट्सॲप कॉल आला. नेट कमकुवत आहे म्हणून नुसता आवाज. चारुता मॅडम नावाच्या बाई वीस मिनिटं बोलल्या, शाळा चांगली, मुलं गुणी. मधली सुट्टी चालू होती म्हणे. कोमलनं ते सगळं भावाच्या फोनवर रेकॉर्ड करून मला ऐकवलं. मागं पोरांचा गोंगाट, मग घंटा. शाळेचा आवाज मी झोपेतही ओळखते. मी म्हटलं, खरी शाळा आहे, कर सही.

माझ्या त्या शब्दावर तिनं कागद नेऊन दिले होते. आता ते शोधायला मलाच जायला हवं होतं.

२

एजंटचं ऑफिस पनवेलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टला 'बंद आहे' अशी पाटी. माझ्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीवर निषेध नोंदवला.

विश्वजीत सर हा पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. पण त्या दिवशी त्याचा गोडवा आटला होता. त्यानं ड्रॉवर उपसले होते, सोफा ओढून पाहिला होता, कचऱ्याची पिशवी उलटी केली होती. शाळेला काय तोंड दाखवू, सोमवारी सही झाली नाही तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल, हे त्यानं मला चार वेळा सांगितलं. चोरी त्यानं केलेली नाही एवढं मला पटलं. ज्याचा फायदा सही होण्यात आहे, तो कागद का लपवील?

त्याच्यामागं एक लोखंडी कपाट होतं. किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकत होती. कोमलचे कागद या कपाटात शुक्रवारी संध्याकाळी जायचे होते. त्याआधी ते बाहेरच्या टेबलावर होते, अनुयाच्या ताब्यात.

अनुया ही तिथली कारकून. तिशीची, सडसडीत, डोळ्यांखाली काळं. मी तिला तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही वेळा तिनं मान हलवून उत्तर दिलं. चौथ्याला कागदावर लिहून दिलं, 'दुपारी जेवायला गेले तेव्हा टेबलावर होते.' विश्वजीत म्हणाला, तिचा घसा बसलाय. कोमल हळूच मला म्हणाली, बाई, त्यांचा घसा मी पहिल्यांदा आले तेव्हापासून बसलेलाच आहे. ही बाई मुकी आहे की मला टाळते आहे, मला काही कळेना, आणि न कळण्याची मला मुळातच चीड आहे.

तिच्या टेबलावर इतर उमेदवारांच्या झेरॉक्सचे गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठा डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला, गाठ मागच्या बाजूला वळवलेली, टोकं सारखी कापलेली. इतकं टापटिपीचं काम हल्ली दिसत नाही, स्टेपलर मारून मोकळे होतात. मी तेवढी नोंद घेतली आणि पुढं गेले. मागच्या खिडकीतून पोरांचा कलकलाट येत होता, कुठंतरी शनिवारची सकाळची शाळा भरली होती. तास बदलल्याचे टोल पडले, दोन घाईचे, मग जरा दम, मग एक.

मी विश्वजीतला विचारलं, शुक्रवारी इथं आणखी कोण आलं होतं. त्यानं कोमलकडे बोट केलं.

"एकच माणूस," तो म्हणाला. "हिचा भाऊ. फोटो द्यायला आला होता. आणि मॅडम, त्यानं मला तोंडावर सांगितलंय, कागदच नसतील तर आमची कोमल जाईल कशी."

३

कोमलचं घर उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आपल्याच घरात चोर शोधायला जायचं तिच्या नशिबी आलं होतं.

प्रितेश, तिचा भाऊ, जासईच्या कंटेनर यार्डात कामाला. शनिवारी सुट्टी होती म्हणून घरी सापडला. हो, बोललो मी तसं, तो म्हणाला. बहिणीला परमुलखात एकटी पाठवायला मन होत नाही म्हणून बोललो. पण फोटो त्या बाईच्या हातात दिले आणि दोन मिनिटांत निघालो. त्यानं फोनवर यार्डाच्या गेटवरची नोंद दाखवली. पनवेलहून जासईला पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मध्ये गेला होता. फाईल चोरून कुठं ठेवायला त्याला वेळ नव्हता, आणि फाईल घेऊन तो यार्डात शिरला असता तर गेटवर झडती झाली असती.

बुधाजी, तिचे वडील, अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. कागद खाडीत टाकीन असं ते आठवड्यापूर्वी ओरडले होते, हे मला ठाऊक होतं. मी ते सरळ विचारलं.

"म्हनलो," ते म्हणाले. "टाकलं नाय. पोरीचं शिक्षान हाय ते, माजं तर चौथीत खपलं. मी त्याला कसा हात लावीन?"

ते ऐकून कोमल आत निघून गेली. मी ओट्यावर बसून राहिले. सोनाबाई, तिची आई, पनवेलला उरण नाक्याकडच्या बाजारात मासळी विकते. तिनं मला चहा दिला आणि माझ्या शेजारी बसली. पोरगी कालपासून जेवली नाही, ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसं काही फाईल माझीच गेली होती.

"रडून काय व्हनार, बाय? दोऱ्यानं बांदलेलं कागद कुटं जातील? गावतील."

मी चहा प्यायले. चांगला होता. गुडघ्याचं आणि रिक्षाचं एकदम दुखणं घेऊन मी खांदा कॉलनीत माझ्या घरी परतले. हाती काहीच लागलं नव्हतं. संशयित तिघे, तिघेही खरं बोलल्यासारखे, आणि सोमवार परवावर येऊन ठेपलेला.

दुपारी करारावरच्या शाळेच्या नंबरला फोन केला. वाजत राहिला. संध्याकाळी पुन्हा केला. वाजत राहिला. हीच का ती इतकी चांगली शाळा, जिथं फोन उचलायला माणूस नाही, असं मी भिंतीला विचारलं.

४

रविवारी सकाळी मी तोच नंबर पुन्हा फिरवला. आशेनं नव्हे, रागानं. रविवारी कुठली शाळा फोन उचलणार?

पहिल्याच घंटीला कुणीतरी उचलला. एक पुरुष, इंग्रजीत, घाईत. मी म्हटलं, काल दिवसभर फोन करत होते. तो म्हणाला, काल कसा उचलणार, इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, आठवडा रविवारी सुरू होतो. मी चारुता मॅडमना बोलवा म्हटलं. मग फोन कट झाला, आणि नंतर त्यानं माझा फोन पुन्हा उचलला नाही.

शुक्रवारी सुट्टी. चारुता मॅडम बोलल्या होत्या शुक्रवारी, शाळेतून, मधल्या सुट्टीत.

एकतीस वर्षं शाळा तपासणाऱ्या बाईनं तिथली शाळा कोणत्या वारी भरते एवढं विचारलं नव्हतं. अकरा प्रश्न लिहिले आणि बारावा राहिला. मला स्वतःचे कान उपटावेसे वाटले.

कोमलला बोलावून घेतलं आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. या वेळी बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, मागं ऐकलं. पोरांचा गोंगाट खराच होता, तो काही टेप लावलेला नव्हता. मग टोल पडले. दोन घाईचे, मग जरा दम, मग एक.

प्रत्येक शिपायाचा टोल द्यायचा हात वेगळा असतो. हा हात मी आदल्याच दिवशी ऐकला होता, विश्वजीतच्या मागच्या खिडकीतून.

"कोमल," मी म्हटलं, "तुझ्या चारुता मॅडम मालदीवमध्ये नाहीत. त्या पनवेलमध्ये आहेत."

५

तिचा विश्वास बसेना. नंबर तिथला होता, ती म्हणाली. मी म्हटलं, तिथं राहून आलेल्या माणसाकडे तिथलं सिम असतं. आणि ही बाई तिथं राहून आलेली आहे, कारण बाजारहाटापासून वर्गाच्या पटापर्यंत तिनं जे सांगितलं ते ऐकीव वाटत नव्हतं. त्या ऑफिसात तू गेल्यापासून एकच बाई तुझ्यासमोर तोंड उघडत नाही. तिचा आवाज तू ओळखशील, म्हणून.

"अनुयाताई? त्या कारकून आहेत, बाई."

"कारकून स्टेपलर मारतो. डाव्या कोपऱ्यात दोरा घालून, गाठ मागं वळवून कागद कोण बांधतं?"

कोमल शिक्षिका आहे. परीक्षेला पुरवण्या बांधताना हीच गाठ तिनं शेकडो पोरांना घालून दाखवली असेल.

आणि तो दोरा डोक्यात आल्याबरोबर मला आदल्या दिवशीचा सोनाबाईच्या ओट्यावरचा चहा आठवला. कोमलनं कागद सुटे दिले होते, फोल्डरमध्ये. दोरा लागला तो ऑफिसात, अनुयाच्या हातून. सोनाबाई त्या ऑफिसात कधी गेलेली नव्हती. तरी ती म्हणाली होती, दोऱ्यानं बांधलेले कागद.

आम्ही तशाच बाजारात गेलो. सोनाबाई बोंबील लावत होती. मी काही विचारायच्या आधीच माझं तोंड बघून तिनं ओळखलं, आणि गिऱ्हाइकाला थांब म्हणाली.

शुक्रवारी दुपारी एक बाई तिच्याकडे आली होती. दर रविवारी मासळी घ्यायला यायची, तोंडओळख होती. कोमल तुमची मुलगी ना, असं विचारून तिनं पिशवीतून गठ्ठा काढून दिला. सोमवार जाईपर्यंत कुणाला देऊ नका, मुलीलासुद्धा नको, म्हणाली. माझे कागद त्यांच्या कपाटात अडकलेत, तुमच्या पोरीचे अडकू देऊ नका, म्हणाली आणि गेली. सोनाबाईनं पाटाखालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल काढली. वर बर्फाचं पाणी ठिबकलं होतं, आत सगळं कोरडं होतं.

"मी दोन दिवस मेले, आये," कोमल म्हणाली. "आणि तू बगत बसली?"

"सांगितलं असतं तर तू परत नेऊन दिलं असतंस," सोनाबाई म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "आनि तुला कसं सांगू, बाय? तूच तिला जा म्हनलीस."

कोमलनं कागद मोजले. नऊ होते. ते छातीशी धरून ती म्हणाली, "बाई, सोमवारी मी जाणार. सही करायला नाही. पण जाणार."

६

सोमवारी अकराला आम्ही चौघं त्या दोन जिन्यांवर होतो. मी, कोमल, प्रितेश आणि पाटी घरी ठेवून आलेली सोनाबाई. तिच्या हातात कोयता नव्हता, पण नजर होती.

फाईल बघून विश्वजीतचा गोडवा परत आला. कुठं मिळाली, हे त्यानं धड विचारलंही नाही. करार पुढं केला, पेन काढून दिलं. अनुया बाहेरच्या टेबलापाशी उभी होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तिनं एकदा सोनाबाईकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

कोमलनं पेन उचललं आणि मध्येच थांबली. सर, एकदा फाईल हरवली, मला भीती वाटते, ती म्हणाली. पुन्हा हरवली तर? तुम्ही कुठं ठेवता ते दाखवा, मग सही करते.

तपासणी आली की हेडमास्तर आपणहून ज्या कपाटाची कुलपं काढतात, त्यातच पुढं काय ते सापडतं, हे मी तिला आदल्या दिवशी शिकवलं होतं. विश्वजीतनं पट्ट्याची किल्ली काढली आणि कपाट सताड उघडलं. बघा, तो म्हणाला, बँकेच्या लॉकरसारखं. मधल्या खणात गठ्ठे होते. डाव्या कोपऱ्यात पांढरा दोरा, गाठ मागं.

मी त्याला विचारलं, यातल्या किती बायका परत आल्या? किती जणींना कागद परत मिळाले? त्यातली एक मला भेटवा, मग ही सही करील. त्यानं चारुता मॅडमचं नाव घेतलं. त्या बोलल्यात ना, तो म्हणाला.

"मी बोलले, सर," दारातून आवाज आला. "त्यातला तळचा गठ्ठा माझा आहे."

कोमलनं पेन खाली ठेवलं. वीस मिनिटं तिनं हाच आवाज ऐकला होता.

अनुया आत आली. बोलायला लागली ती थांबेचना, कित्येक महिन्यांचं साठलेलं. तिथं राहायला दिलेल्या खोलीत चौघी, आजारी पडली तरी सुट्टी नाही, सात महिन्यांनी ती परतली. करार मोडला म्हणून कागद याच्याकडे. सहा शिक्षिका पाठव, तुझे कागद ने, असं ठरलं. नोकरीला कुठं जावं तर कागद नाहीत, म्हणून इथंच कारकून. कोमल सहावी होती. फाईल बाजारात नेऊन दिली तेव्हा आपले कागद आपण सोडले, हे तिला कळत होतं.

मग ती माझ्याकडे वळली.

"शुक्रवार मी मुद्दाम निवडला, मॅडम. अकरा प्रश्न तुमचेच होते ना? मला वाटलं होतं, ते विचारणारी बाई शुक्रवार ओळखेल."

मी पिशवीतून वही काढली.

विश्वजीत कपाटाकडे धावला, पण प्रितेश आधीच तिथं उभा होता. यार्डातला माणूस, तो नुसता उभा राहिला तरी जागा भरते. वकील, पोलीस, करारभंग असं बरंच काही विश्वजीत बोलला. मी म्हटलं, चला पोलिसांकडे, मीच येते, दुसऱ्याची मूळ प्रमाणपत्रं कुठल्या अधिकारानं कोंडलीत तेवढं त्यांना लिहून द्या. तो खुर्चीत बसला.

कोमलनं करार दुमडून माझ्या पिशवीत टाकला, पुरावा म्हणून. तिचं जाणं राहिलं. सोमवारी दुपारी तिला पुन्हा त्याच जुन्या शाळेत, त्याच तुटपुंज्या पगारावर तास घ्यायला जायचं होतं, आणि त्याबद्दल मी तिला खोटं समाधान देणार नव्हते.

अनुयानं सगळे गठ्ठे टेबलावर काढले. सहा होते. मी वही उघडली, आणि ती वरच्या कागदावरची नावं एकेक करून वाचत गेली, प्रत्येक नावानंतर किंचित थांबत, वर्गात थांबतात तशी. पाच नावं झाली, कोणी ओ दिली नाही, मी लिहून घेत होते. सहावं नाव तिचं स्वतःचं होतं. ते वाचून तिनं गठ्ठा पोटाशी धरला आणि अगदी हळू म्हणाली, "हजर."